म्हाताऱ्या, आजारी मांजराला 'फॉस्टर' करायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

"बोका. वय अंदाजे १३. नसबंदी झालेली. दात खराब, किडनीचा त्रास. फॉस्टर हवंय, अर्जंट. प्लीज शेअर."

अशी पोस्ट तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आली असणारच. फोटोत एक मळकट पिवळा बोका, एक डोळा अर्धा मिटलेला, लाळेनं हनुवटी चिकट झालेली. खाली रडक्या इमोजींची रांग. "कुणीतरी घ्या रे याला." "मी मुंबईत असते तर नक्की घेतलं असतं." आणि भरपूर शेअर. दोन दिवसांनी तीच पोस्ट परत येते. आठवड्यानं पुन्हा एकदा. कारण शेअर सगळ्यांनी केलेली असते, घर कुणीच दिलेलं नसतं.

मीही त्या शेअर करणाऱ्यांतलीच होते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मात्र वर लिहिलेला तो बोका आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये आला. दादरची एक चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, भाडेकरू पांगले आणि वर्षानुवर्षं चार दारांत जेवणारा हा बोका पत्र्यांच्या कुंपणाआड एकटाच राहिला. आम्ही त्याला आप्पा म्हणायला लागलो. तो आमच्याकडे साडेपाच महिने होता. या लेखातली बरीचशी माहिती मी तेव्हा घाईघाईत, चुका करत गोळा केली. ती आधी मिळाली असती तर आप्पाचे काही दिवस नक्कीच सोपे गेले असते.

फॉस्टर म्हणजे दत्तक नाही, मग काय?

अडॉप्शन म्हणजे मांजर कायमचं तुमचं. फॉस्टर म्हणजे तात्पुरता सांभाळ. मांजराची जबाबदारी संस्थेकडे किंवा रेस्क्यू करणाऱ्या व्यक्तीकडे राहते, तुम्ही छप्पर, वेळ आणि लक्ष देता. पिल्लांच्या बाबतीत हे सरळ असतं. सहा-आठ आठवडे सांभाळायचं, वजन वाढलं, लस झाली की घर शोधायचं.

म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो आणि घोळ तिथेच होतो. एक असतं बरं होण्यासाठीचं फॉस्टर. मांजर आजारी आहे, पण उपचारानं सावरेल आणि पुढे त्याला घर मिळू शकेल. दुसरं असतं शेवटपर्यंतचं फॉस्टर. आजार बरा होणारा नाही, उरलेले आठवडे किंवा महिने त्रासाविना जावेत एवढंच उद्दिष्ट. परदेशातल्या शेल्टरमध्ये याला 'फॉस्पिस' म्हणतात, फॉस्टर आणि हॉस्पिस मिळून. फोनवर हो म्हणण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच, की यातलं नेमकं कोणतं? बऱ्याचदा समोरच्यालाही ते माहीत नसतं, कारण तपासण्याच झालेल्या नसतात. मग निदान तपासणीनंतर पुन्हा बोलू, एवढं तरी ठरवून घ्यावं.

'म्हातारं' कधी म्हणायचं? मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेनं मान्य केलेल्या वर्गवारीत १० वर्षांपुढचं मांजर 'सीनियर' धरतात. ढोबळ हिशेब असा की पहिली दोन वर्षं म्हणजे माणसाची २४ आणि पुढचं प्रत्येक वर्ष चार वर्षांचं. म्हणजे १५ वर्षांचं मांजर हे ७६ वर्षांच्या आजोबांच्या जवळपास. टेक्सासमधली क्रीम पफ नावाची मांजरी ३८ वर्षं जगली, गिनेस बुकात तिची नोंद आहे. आपल्या गल्लीतल्या मांजराचं नशीब तसं नसतं.

ही मांजरं येतात कुठून?

सगळी रस्त्यावर जन्मलेली नसतात. एकटे राहणारे आजोबा किंवा आजी जातात, मुलं फ्लॅट विकायला येतात आणि मांजराचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. बदली होते, बाळ होतं, नवा घरमालक नको म्हणतो. शहरांमध्ये पर्शियन मांजरांचा एक वेगळाच प्रकार दिसतो. हौसेनं किंवा पिल्लं विकण्यासाठी पाळायचं आणि वय झालं, केसांच्या गुठळ्या झाल्या, आजारपण सुरू झालं की सोसायटीच्या मागे सोडून द्यायचं. पर्शियन जातीत किडनीमध्ये पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार बराच आढळतो. म्हणजे जे मांजर सर्वांत महाग विकलं जातं, तेच म्हातारपणी सांभाळायला अवघड जाऊ शकतं.

असं सोडून देणं गुन्हा आहे का? आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं कलम ११ सांगतं, की उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला विनाकारण टाकून देणं ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. हो, बरोबर वाचलंत. यावर वेगळा लेख होईल.

शेल्टरमध्ये ठेवलं तर काय बिघडतं?

मांजर जागेला बांधलेला प्राणी आहे. अनोळखी पिंजरा, शेजारी भुंकणारी कुत्री, फिनाईलचा वास, रोज नवी माणसं, हे तरुण मांजरही कसंबसं सहन करतं. म्हातारं मांजर खाणं सोडतं. अनेक मांजरांच्या शरीरात सर्दीचा हर्पीस विषाणू आयुष्यभर झोपून असतो, तो ताण आला की जागा होतो. मग शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक बंद. नाक बंद म्हणजे वास नाही आणि वास नाही तर मांजर अन्नाला तोंड लावत नाही.

मांजराचं न खाणं आपल्या एकादशीसारखं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि तो स्वतंत्र, जीवघेणा आजार होऊन बसतो. "भूक लागली की खाईल आपोआप" हे वाक्य मांजरांना लागू नाही.

म्हणून एका शांत खोलीला इतकं महत्त्व आहे. आणि एका खोक्याला. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपायला खोकं दिलं, ९ मांजरांना दिलं नाही. खोकंवाली मांजरं लक्षणीय लवकर सावरली. आपल्याकडे तर ऑनलाइन शॉपिंगच्या कृपेनं घरोघरी खोकी पडलेली असतात. एक आडवं ठेवा, आत जुनी चादर टाका, तोंड भिंतीकडे तिरकं करा. आप्पा पहिले चार दिवस मिक्सरच्या खोक्यात होता. आई म्हणाली, "अगं, हे मांजर आणलंयस की खोकं?"

पहिले दोन आठवडे

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला किमान १० ते १४ दिवस वेगळं ठेवायचं. यात भावनिक होऊन चालत नाही. मांजरांच्या पार्व्होचा विषाणू जमिनीवर, कपड्यांवर वर्षभरही टिकू शकतो आणि साध्या फिनाईलनं जात नाही. त्याला ब्लीचच लागतं. ब्लीच वापरताना मांजर दुसरीकडे हलवायचं आणि फरशी पुसून, सुकवून मगच परत आणायचं. फिनाईल तर मांजराच्या खोलीत वापरूच नका. त्यातले घटक पायाला लागतात, मांजर पाय चाटतं आणि त्याचं यकृत ते पचवू शकत नाही. आमच्या घरात दुसरं मांजर नव्हतं, तरी आप्पाला बाथरूमशेजारच्या छोट्या पॅसेजमध्येच ठेवलं. मोठी जागा घाबरलेल्या मांजराला दिलासा देत नाही, उलट लपायची पंचाईत करते.

डॉक्टरांकडे पहिल्याच आठवड्यात. वजन, तोंड, रक्ताची तपासणी, लघवीची तपासणी, जमलं तर रक्तदाब. शिवाय एफआयव्ही आणि ल्युकेमिया या दोन विषाणूंची टेस्ट. एफआयव्ही ऐकून माणसं दचकतात. तो माणसाला होत नाही आणि मांजरांतही मुख्यतः खोल चावण्यातून पसरतो. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या प्राण्यांवर उपचार करतंय, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. पण रोजच्या कामासाठी रिक्षानं १५ मिनिटांत पोहोचता येईल असा, मांजरांची सवय असलेला डॉक्टर जास्त उपयोगाचा.

स्वतःची काळजीही इथेच घ्या. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मिळते. नियमित फॉस्टर करणार असाल तर आधीच लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. घरात कुणी गरोदर असेल तर लिटर ट्रे दुसऱ्यानं आणि रोज साफ करावा, कारण टॉक्सोप्लाझ्माचा जंतू विष्ठेत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतो. रोजच्या रोज ट्रे रिकामा केला तर धोका बराच कमी होतो.

"वय झालंय" हे निदान नव्हे

मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट ही. आप्पा दिवसभर झोपायचा, अंग चाटायचा नाही, हात लावला की फिस्कारायचा. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं बिचाऱ्याचं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. हिरड्या लालभडक, मागच्या दोन दाढा मुळाशी कुरतडल्यासारख्या. माणसाची दाढ दुखली तर तो घर डोक्यावर घेतो, मांजर एका कोपऱ्यात जाऊन बसतं, एवढाच फरक.

मांजर दुखणं लपवतं. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहणारा एक अमेरिकन अभ्यास २००२ मध्ये आला होता, त्यात ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. त्यातली किती लंगडत असतील? फारच थोडी. मांजराची सांधेदुखी लंगडण्यात दिसत नाही. खिडकीत उडी मारणं बंद होतं, ट्रेच्या बाहेर लघवी होते, पाठीवरचे केस गुठळतात, कारण मान तिथवर वळत नाही. मग आपण म्हणतो, म्हातारपणी घाण करायला लागलं. उंच कडेच्या ट्रेऐवजी उथळ टब ठेवला की कित्येकदा प्रश्न मिटतो.

चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पद्धत कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठानं २०१९ मध्ये मांडली. कानांची दिशा, डोळे किती मिटलेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोकं कुठे आहे, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज १० पैकी ४ किंवा जास्त आली तर वेदनाशामकाचा विचार करावा. घरी आपण डॉक्टर होऊ नये, पण रोज एकाच वेळी, एकाच अंतरावरून फोटो काढले तर डॉक्टरांना दाखवायला ठोस काहीतरी हातात असतं.

वेदनाशामक म्हटलं की एक गोष्ट मोठ्यानं सांगायला हवी. मांजराला क्रोसिन, डोलो, म्हणजे कुठलंही पॅरासिटामोल कधीच, कणभरही द्यायचं नाही. ते निष्प्रभ करायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे थेंबही तसेच घातक. आणि घरात लिलीची फुलं नकोत, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

किडनी: सर्वांत जास्त ऐकायला मिळणारा शब्द

म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा जुनाट आजार इतका सर्रास दिसतो, की फॉस्टर करणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतोच. मांजर जास्त पाणी पितं, जास्त लघवी करतं, बारीक होत जातं, मधूनच उलटी करतं. पंचाईत अशी, की रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम थांबलेलं असतं. जगभरात याचे चार टप्पे मानतात. गेलेली किडनी परत येत नाही, पण उरलेलीवरचा भार कमी करता येतो.

आप्पाचं क्रिएटिनिन ३.४ आलं, म्हणजे तिसरा टप्पा. मी त्या रात्री नेटवर वाचत बसले आणि तो आठवडाभराचा सोबती आहे असं धरून चालले. पण त्यातला काही भाग नुसत्या पाणी कमी पडल्याचा होता. सलाईननं शरीरातलं पाणी भरून आल्यावर आकडा २.७ वर उतरला आणि मग डॉक्टरांनी जोखीम समजावून, भूल देऊन खराब दात काढले. दात गेल्यावर खाणार कसा, ही आईची काळजी. दहा दिवसांत तो कोरडे दाणेही गिळायला लागला. मांजर तसंही फारसं चावत नाही. आणि ज्याला आम्ही तुसडं म्हणत होतो, तो बाबांच्या पेपरवर येऊन बसायला लागला.

घरी सलाईन द्यायचं हे ऐकून घाम फुटतो, मलाही फुटला होता. शिरेत नाही, कातडीखाली द्यायचं असतं. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आत आणि बाटली वर टांगायची. आमच्याकडे पडद्याच्या रॉडला. किती मिली आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवणार. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला हेच पाणी घातक ठरू शकतं. पाठीवर उंटासारखं कुबड येतं, नंतर ते एका पायाकडे उतरतं, काही तासांत जिरतं. पहिल्या वेळी मी रडले होते. डॉक्टरांच्या कंपाउंडर काकांनी तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा माझा हात धरून करवून घेतलं. व्हिडिओ पाहून शिकू नका, माणसाकडून शिका.

झोपेतला श्वासही मोजून ठेवावा. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी असायला हवा. सतत जास्त येत असेल किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. अचानक आंधळं झाल्यासारखं भिंतीला धडकायला लागलं तर रक्तदाब असू शकतो. त्याला गोळी आहे, मात्र वेळ थोडा असतो. आणि भरपूर खाऊनही वाळत चाललं असेल तर थायरॉइड तपासा.

खायला काय?

दूधपोळी नको. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध हे समीकरण इतकं पक्कं आहे, की आजीला समजावणं हाच एक प्रकल्प असतो. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात आणि आजारी मांजराचं पाणी आणखी कमी होतं. शिवाय मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर हृदय आणि दृष्टी दोन्हींवर परिणाम होतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. घर शाकाहारी असेल तर फॉस्टर जमणारच नाही असं नाही, तयार खाद्याचे पाऊच असतात. पण वरणभातावर मांजर सांभाळायचा हट्ट नको. कांदा-लसूण पडलेलं काहीही नको, त्यानं लाल रक्तपेशी फुटतात.

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर वाढणंही धोक्याचं. रक्तातले क्षार एकदम खाली येऊ शकतात. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवत न्यायचं. खाणं कोमट करून दिलं की वास सुटतो आणि भूक चाळवते. सुकट किंवा बोंबलाच्या वासानं मेलेलंही उठेल असं आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, खोटं नाही ते. पण सुक्या मासळीतलं मीठ आजारी मांजराला झेपत नाही. दाखवा, भरवू नका.

गोळी दिल्यावर सिरिंजनं थोडं पाणी किंवा पातळ खाणं द्या. काही गोळ्या, विशेषतः डॉक्सिसायक्लिन, अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करतात. आणि वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो घटणं. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं. भाजीवाल्यासारखा डिजिटल काटा पुरतो.

पैशांचं आणि निर्णयांचं आधी बोला

यावरून चांगली माणसं भांडतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठरवा. औषध, तपासण्या, खाणं, लिटर, यातलं कुणाचं काय? रात्री दोन वाजता तब्येत बिघडली तर कोणत्या डॉक्टरकडे आणि किती खर्चापर्यंत मी विचारल्याशिवाय जाऊ शकते? मला गावाला जावं लागलं तर कोण? आणि शेवटचा निर्णय कुणाचा? आमच्या बाबतीत हा चौथा प्रश्न विचारायचा राहून गेला.

ऑनलाइन मदत मागणाऱ्या पोस्टना पैसे पाठवणाऱ्यांसाठीही एक साधी सवय आहे. कुठल्या दवाखान्यात उपचार चालू आहेत ते विचारा, तिथे फोन करा आणि जमलं तर बिल थेट तिथेच भरा. खरं काम करणाऱ्या ताई-दादांना हे विचारलेलं आवडतं. चिडणारे कोण असतात ते तुम्हीच पाहा.

कधी थांबायचं?

प्राण्यांचे शेवटचे दिवस हाच ज्यांच्या कामाचा विषय, त्या अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी १० पर्यंत गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्य बऱ्यापैकी चाललंय असं धरायचं. आम्ही ते अजून सोपं केलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात बरोबरची खूण किंवा फुली. फुली म्हणजे खाल्लं नाही, किंवा बोलावल्यावर मान वळवली नाही.

ऑक्टोबरचं पान जवळपास सगळं बरोबरच्या खुणांचं होतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार फुल्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, आता विचार करा. तोवर आप्पाच्या रील्सना बरेच लोक ओळखायला लागले होते. मी स्टोरी टाकली आणि खाली "हार मानू नका", "फायटर आहे तो", "चमत्कार होतात" असे मेसेज आले. मी आणखी तीन दिवस थांबले. त्या तीन दिवसांत त्याच्या तोंडात किडनीच्या आजारानं फोड आले होते आणि तो पाण्याच्या वाटीसमोर बसून नुसता बघत राहायचा. ते तीन दिवस त्याला माझ्यामुळे काढावे लागले, असं मला आजही वाटतं. शेवटी आईच म्हणाली, "तुझ्या आजीचं मी पाहिलंय हे. याला आता घास जात नाहीये. फोन लाव डॉक्टरांना."

दयामरण पशुवैद्यानंच द्यायचं असतं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मांजर झोपतं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे बऱ्याचदा उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं अंग हलू शकतं. हे आधी माहीत असलं तर माणूस घाबरत नाही. काही डॉक्टर घरी येतात, विचारून ठेवा. नंतरची व्यवस्थाही आधीच विचारा, त्या दिवशी नेटवर शोधत बसणं फार अवघड जातं.

घरी ठेवणं शक्यच नसेल तर?

भाड्याचं घर, ॲलर्जी, सासू-सासरे, नाइट शिफ्ट, कारणं खरी असतात. तरीही पोस्ट शेअर करण्यापलीकडे करण्यासारखं बरंच उरतं. शहाड ते परळ मांजराची टोपली घेऊन जायला कुणीतरी लागतं. फॉस्टर करणाऱ्याला दिवाळीत चार दिवस गावी जायचं असतं, तेव्हा रोज संध्याकाळी येऊन औषध देणारं कुणीतरी लागतं. मला स्वतःला सर्वांत जास्त उपयोग झाला तो आमच्याच बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाचा. तो दर तिसऱ्या दिवशी रात्री नऊला यायचा, सलाईन संपेपर्यंत आप्पाचं डोकं धरून बसायचा आणि मग आपल्या घरी जेवायला जायचा.

आणि ठेवता येणार असेल, तर रेस्क्यू करणाऱ्यांना पाठवायच्या पहिल्या मेसेजमध्ये "इंटरेस्टेड" लिहू नका. तसे त्यांच्याकडे शंभर येतात. कुठे राहता, घरात कोण कोण आहे, दुसरं मांजर किंवा कुत्रं आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसातले किती तास घरी कुणी असतं आणि किती दिवस जमेल, एवढं लिहा. "फक्त १५ दिवस" हेसुद्धा चालतं.